उणे बावीस, वारा नाही

मार्च. उणे बावीस. आमच्याकडे याला उबदार म्हणतात.
धुराड्यांचा धूर सरळ वर चाललाय,
ओळंबा उलटा धरावा तसा.
असा दिवस वर्षातून चारदा मिळतो.
उणे पन्नासला शाळेला सुट्टी असते, आणि फुगा
उडता उडताच गोठून कांद्याच्या सालीसारखा फाटतो.

साहित्य: भांड्यांचा साबण, तीन चमचे साखर,
बॉलपेनची रिकामी नळी, थोडं ग्लिसरीन.
औषधांच्या दुकानातल्या ओग्दोने विचारलं,
टाचा फुटल्यात का बाई?
म्हटलं, नाही, सातवीचं भौतिकशास्त्र.
मिश्रणाची बाटली कोटाच्या आत
कोंबडीच्या पिल्लासारखी छातीशी धरून आणायची.

एर्चिम हातमोजा दातांनी ओढतो. फुंकतो.
नदीतून कापून आणलेला, प्यायच्या पाण्याचा
बर्फाचा ठोकळा दाराशी रचलाय,
त्याच्यावर फुगा बसतो. डुलतो. बसूनच राहतो.

आधी रंग.
पापुद्रा इतका पातळ की त्याची जाडी
उजेडालाच मोजावी लागते:
बाहेरच्या पाठीवरून परतलेला उजेड
आणि आतल्या पाठीवरून परतलेला उजेड
वाटेत भेटतात, कुठे एकमेकांना उचलतात,
कुठे बुडवतात. उरेल तो रंग.
हिरवा, मग मोरचुदाचा निळा, मग एक जांभळं काहीतरी
ज्याला आमच्या भाषेत नाव नाही, रशियनमध्येही नाही.

मग बुडापासून पांढरं चढू लागतं.
"बघा नीट," मी म्हणते, "पाणी गोठताना ऊब सोडतं."
"गोठताना?" एर्चिम. "ऊब?"
"हो. वाहतं राहण्यासाठी गाठीला बांधलेलं
सगळं ते जाता जाता खर्चून टाकतं."
त्याला हे पटत नाही. मला पटायला
कॉलेजची दोन वर्षं लागली होती.

पण फुगा वाद घालत नाही, करून दाखवतो.
ऊब लागली तिथे पाण्याचा ताण सैलावतो,
वरचं पाणी अजून थंड, अजून ताठ,
ते खालच्याला आपल्याकडे ओढून घेतं.
त्या ओढीत नुकतीच उगवलेली बर्फाची फुलं
देठापासून तुटतात
आणि वर निघतात.

हिमवर्षाव, खालून वर!

तेरा पोरं गप्प. तेरा तोंडांची वाफ बाजूला वळवलेली,
कुणी न सांगता.
फुलं फिरतात, थबकतात, जागा धरतात,
प्रत्येक आपापलं घर वाढवत शेजारणीला भिडते,
शिवणी काही जुळत नाहीत,
आणि डोक्यावरचं शेवटचं ओलं छिद्र
एका निमिषात बंद.

बुडबुडा म्हणजे क्षणभंगुर, हे ज्यांनी ठरवलं
ते गरम देशातले असणार.

मग एक पोचा पडतो, डाव्या अंगाला.
"याला कुणी थोबाडलं?" तुयारा विचारते.
कुणी नाही. आतली हवा एर्चिमची होती,
त्याच्या छातीतून आलेली, कोमट.
ती आता निवतेय आणि आखडतेय,
घर मोठं, माणूस बारीक, तसं.

सगळे आत पळाले तरी तो उभाच.
"बाई, एकोणीस दिवस टिकेल का?"
त्याचा बाप हिऱ्यांच्या खाणीवर, पाळी संपायला एकोणीस दिवस.
मी शास्त्राची शिक्षिका. "नाही" एवढंच म्हणाले.
त्याने मासे उलटायचा झारा आणला होता,
खिशात, सकाळपासून.

परवा त्याच्या आईचा निरोप:
तुमचं भौतिकशास्त्र आमच्या अंबारात आहे,
माशांच्या टोपल्यावर. कुणाला हात लावू देत नाही.

आज वर्गात आला तो नखांत शेवाळ घेऊन.
फुगा गेला, म्हणाला, बर्फ हवेत विरला,
साबणाची नुसती कात उरली आहे.
मी म्हटलं, वाटलंच होतं.
"पण श्वास माझा आतच आहे ना, अंबारात?"
मी खडू शोधत राहिले.
फळ्यांच्या फटी त्याने रात्री बुजवल्या आहेत,
दोन राहिल्यात, वरच्या,
शिडी मिळाली तर त्याही होतील.